पॉवर मीटर पेडल: दहा महिने, त्रेपन्नावं वर्ष आणि सिंहगड

गेल्या गणपतीत ही पेडल घेतली, आता आषाढ लागलाय. साडेतीन हजार किलोमीटर झाले, त्यातले बरेचसे पुण्याच्या आसपासच्या घाटांत. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सेन्सर फक्त डाव्या पेडलच्या दांड्यात आहे, उजवं पेडल म्हणजे नुसतं पेडल. किंमत अडतीस हजार. घरी मी अठरा सांगितली होती, खरी आज हे वाचून कळेल.

घ्यायला कारण झाला बोपदेव घाट. आमच्या रविवारच्या ग्रुपमध्ये वयाने मी सगळ्यांत मोठी आणि दोन वर्षांपासून त्या चढावर मागे पडायला लागले होते. कुणी म्हणे, "ताई, चेन बदला," कुणी नुसतं समजुतीचं हसे. ते हसणं जास्त लागायचं. पाळी थांबली होती, झोप मोडत होती, ऑफिसात बदली झाली होती. यातलं पायांत नेमकं काय उतरलंय ते वेगावरून कळत नाही. खडकवासल्याकडून समोरचा वारा असला की पंचविशीतला पोरगाही मंद दिसतो. मीटरला वाऱ्याशी देणंघेणं नाही. पेडलवर जोर किती पडला आणि पाय किती वेगाने फिरले, यांच्या गुणाकाराचे तो वॅट दाखवतो.

पहिली चाचणी घेतली सप्टेंबरात. पद्धत सरळ आहे: वीस मिनिटं जीव तोडून चालवायचं आणि सरासरीचे ९५ टक्के धरायचे. त्याला एफटीपी म्हणतात, म्हणजे ढोबळमानाने तासभर टिकेल एवढा जोर. माझी सरासरी १३५, म्हणून एफटीपी १२८ वॅट. वजन ५८ किलो, म्हणजे किलोमागे २.२. आकडा बघून काही वाटलं नाही, कारण तुलनेला काहीच नव्हतं.

मग जुनी डायरी आठवली. एक्केचाळिसाव्या वर्षी सिंहगड गोळेवाडीच्या नाक्यापासून वरच्या पार्किंगपर्यंत ५४ मिनिटांत केल्याची नोंद होती, पुढे "पिठलं-भाकरी, दोन मडकी दही" असंही लिहिलेलं. चढावर वेग कमी, त्यामुळे वाऱ्याचा फरक थोडा, आणि शाळेतलं गणित चालतं. मी ६० किलो, सायकल १२ किलो, चढ पावणेसहाशे मीटरच्या आसपास. तेवढं वजन तेवढ्या वेळात वर न्यायला नुसते सव्वाशे वॅट लागतात. टायरचं घर्षण, वारा, साखळी धरून एकशेचाळीस म्हणा. म्हणजे बारा वर्षांत एकशेचाळीसवरून एकशेअठ्ठावीस. नऊ टक्क्यांच्या जवळपास. हा हिशोब रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडला आणि चक्क बरं वाटलं. मी तर अर्धं शरीर गेलं असं धरून चालले होते!

व्यायाम न करणाऱ्यांची ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता तिशीनंतर दर दहा वर्षांनी दहा टक्क्यांच्या आसपास उतरते, नेटाने सराव करणाऱ्यांची बरीच कमी. मुख्य कारण हृदय. त्याचा कमाल ठोका वयाबरोबर खाली येतो आणि तो सरावाने परत वर चढत नाही. पण घड्याळाने माझी कमाल '२२० वजा वय' करून १६७ धरली होती, तिचा मला राग आहे. सिंहगडच्या शेवटच्या वळणांवर मी स्वतः १७६ पाहिलेत. ते सूत्र सरासरीचं आहे, माणसामाणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. त्यावर बेतलेल्या झोनमध्ये, म्हणजे ठोक्यांच्या ठरवून दिलेल्या टप्प्यांत, मी दोन वर्षं उगाच दबून चालवत होते.

माझं खरं दुखणं वेगळ्याच आकड्यात सापडलं. मुलगी सव्वीस वर्षांची, सायकल वर्षातून चारदा बाहेर काढते, तीही इन्स्टाग्रामसाठी. दिवाळीत तिला माझ्या सायकलवर बसवलं, सीट दोन बोटं वर केली आणि पाच सेकंद सगळा जोर लाव म्हटलं. ५६० वॅट. माझे ३८८. वीस मिनिटांच्या चाचणीत मात्र ती अकराव्या मिनिटाला "आई, बास" म्हणून उतरली, तोवर तिची सरासरी माझ्याहून कमी होती. म्हणजे दम माझ्याकडे होता, झटका गेला होता. वय वाढतं तसे झटक्याचे जलद स्नायुतंतू आधी बारीक होतात आणि संख्येनेही घटतात; त्यांना हुकूम देणाऱ्या चेतापेशीच हळूहळू कमी होतात. संथ तंतू टिकून राहतात. बोपदेवला मी मागे पडायचे ते अख्ख्या चढात पडतच नव्हते. तीव्र वळणावर सगळे दहा सेकंद उठून पेडल मारायचे, तिथे दोर तुटायचा आणि पुढे मी एकटी. राईडची फाईल उघडली की हे इतकं ढळढळीत दिसतं की दोन वर्षं कुणाला, मलासुद्धा, का सुचलं नाही याचं नवल वाटतं.

दुसरी गोष्ट थकवा भरून येण्याची. रात्री घामाने दोनदा उठले की सकाळी त्याच ११० वॅटला हृदयाचे ठोके आठ-दहाने जास्त. पूर्वी अशा दिवशी मी स्वतःला आळशी म्हणून पुढे रेटायचे. आता पहिल्या पंधरा मिनिटांत आकडे जुळले नाहीत तर चहाच्या टपरीवरून परत फिरते. या मीटरने मला सगळ्यांत जास्त काही दिलं असेल तर ही परवानगी.

डॉक्टरीणबाईंनी हाडांची घनता तपासायला लावली. टी-स्कोर उणे १.६ आला, म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलेली. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन उतरतं आणि हाडांची झीज वाढते, हे माहीत होतं. पण सायकलवर शरीराचा भार सीट उचलते, त्यामुळे इतकं चालवूनही हाडांना त्याचा फारसा लाभ नाही, हे ऐकून धक्काच बसला. नोव्हेंबरपासून आठवड्यातून दोनदा जिम. तिथला पोरगा "काकू, सावकाश" करत पाच किलोचे डंबेल हातात द्यायचा. आता बारबेल घेऊन बैठका मारते, तो अजून काकूच म्हणतो. ताटात उसळ आणि अंडी वाढवली. रविवार सोडून एक दिवस बाणेरच्या टेकडीजवळच्या चढावर पंधरा-पंधरा सेकंदांचे सहा झटके, मधे भरपूर विश्रांती.

जूनमधली चाचणी: वीस मिनिटं १४१, एफटीपी १३४. पाच सेकंद ४३१. वजन ५७. वय मागे गेलं असं कुणी म्हणू नये, आधी झटक्याचा सराव शून्य होता म्हणून एवढी वाढ दिसली. पण शरीर ऐकतं, आणि उशिराही ऐकतं. फ्रान्सचे सायकलपटू रोबेर मार्शाँ यांची १०१ ते १०३ या वयात मोजमापं घेतली, त्यात सरावाने त्यांची कमाल ताकद ९० वरून १२५ वॅटवर गेली होती. २०१४ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांनी तासाभरात २६.९२७ किलोमीटर कापले. १२५ वॅट हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा गपकन गप्प झाले. माझ्या एफटीपीच्या शेजारचाच की हो! (त्यांची ती चाचणीच्या अखेरच्या टप्प्यातली कमाल आणि माझा तासाचा जोर, दोन्ही एक नव्हे, तरीही.)

आता तक्रारी. डाव्या पायाचे वॅट दुप्पट करून हा मीटर एकूण आकडा दाखवतो. माझा उजवा गुडघा जुना दुखावलेला, साहजिकच डावा पाय जास्त राबतो. मैत्रिणीच्या घरच्या ट्रेनरशी, म्हणजे सायकल जागेवर बसवून चालवायच्या, वॅट मोजणाऱ्या यंत्राशी, ताडून पाहिलं तर माझा मीटर सहा-सात वॅट जास्त दाखवत होता. म्हणजे वर लिहिलेले माझे सगळे आकडे थोडे फुगलेले आहेत आणि डायरीशी केलेली तुलनाही त्या प्रमाणात गोड आहे. स्वतःचीच स्वतःशी, त्याच मीटरवर तुलना करायला मात्र अडचण नाही.

उन्हात उभी केलेली सायकल सावलीत आणली की शून्य पुन्हा लावावं लागतं, नाहीतर आकडे सरकतात. मी दोनदा विसरले आणि दोन्ही वेळा "काय सुधारणा आहे!" म्हणून खूश झाले. सेटिंगमध्ये क्रँकची, म्हणजे पेडल ज्याला लागतं त्या दांड्याची, लांबी बघून घ्या. माझी १७० मिलिमीटर, आत १७२.५ होती, पहिला आठवडा त्यात वाया गेला. पहिल्याच पावसात बॅटरीच्या झाकणातून पाणी शिरलं. दुरुस्तीला पाठवलेलं पेडल पाच आठवड्यांनी परत आलं आणि सोबत चिठ्ठीही नव्हती. आता झाकणाच्या रबरी रिंगला सिलिकॉन ग्रीस लावते. क्लीटचे, म्हणजे पेडलमध्ये अडकणाऱ्या खाचेचे, बूट घालून गडावरच्या ओल्या फरशीवर चालणं म्हणजे सर्कस, दह्याचं मडकं हातात असेल तर विचारूच नका.

नुकती सायकल घेतली असेल तर याच्या नादी लागू नका, आधी वर्षभर चालवा. पन्नाशीच्या आसपास असाल, बरीच वर्षं चालवत असाल आणि "वय झालं" या एका वाक्याने सगळं उरकलं जात असेल, तर घ्या. दोन्ही बाजूंचा परवडला तर तोच, विशेषतः एखादा पाय कुरकुरत असेल तर. माझं उजवं पेडल सध्या नुसतंच राहणार. त्या पैशांचा बारबेल आणि प्लेटा घेतल्यात, गॅलरीत ठेवल्यात, आणि त्यांची किंमत घरी अजून सांगितलेली नाही.