अठरा वर्षांचा क्वार्टरबॅक: यंदा बसवायचा की खेळवायचा?

ऑगस्टमधला सराव संपत आला की अमेरिकेतल्या प्रत्येक मोठ्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलच्या कोचच्या टेबलावर एक तक्ता तयार होतो: कुठल्या जागेवर पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण. क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन संघ चालवणाऱ्या खेळाडूच्या, रकान्यात मोठ्या पोरांच्या खाली एक नवं नाव असतं, नुकतंच हायस्कूल संपवून आलेल्या मुलाचं, आणि पंचाईत अशी की सरावात चेंडू सगळ्यात देखणा त्याच्याच हातून सुटत असतो. त्याला याच हंगामात उतरवायचं, की रेडशर्ट करून वर्षभर मागे ठेवायचं? चाहत्यांचं मत याबाबत नेहमीच ठाम असतं आणि मागच्या शनिवारच्या निकालाप्रमाणे बदलत असतं. कोचला ही चैन परवडत नाही.

आधी नियम, कारण निम्मी भांडणं नियम नीट माहीत नसल्यामुळे होतात. कॉलेजात पाऊल टाकल्यापासून खेळाडूच्या हातात पाच वर्षं असतात आणि त्यात चार हंगाम खेळता येतात, ही कॉलेज-खेळांची नियामक संस्था एनसीएए हिची बरीच जुनी चौकट. न खेळलेलं एक वर्ष म्हणजे रेडशर्टचं वर्ष. सराव, व्यायाम, वर्ग, शिष्यवृत्ती सगळं चालू, फक्त सामना नाही. पूर्वी एका स्नॅपपुरता, म्हणजे चेंडू एकदा खेळात येण्यापुरता, जरी मुलगा मैदानात गेला तरी अख्खा हंगाम खर्ची पडायचा. २०१८ पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही वर्ष शाबूत राहतं. मात्र त्या मोजणीत एक स्नॅप म्हणजेही एक सामना. दुखापतीमुळे परत मिळणारं वर्ष वेगळं, त्याचा इथे संबंध नाही.

आता दोन्ही बाजू. क्वार्टरबॅकांचं मॅनिंग घराणं यासाठी फार सोयीचं आहे, कारण एकाच छताखाली सगळे प्रकार सापडतात. आर्ची मॅनिंग १९६७ साली मिसिसिपी विद्यापीठात गेला तेव्हा प्रश्नच नव्हता. पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य संघात खेळायला बंदी होती, फुटबॉलमध्ये ती १९७२ साली उठली. त्याचा मुलगा पेटन १९९४ साली टेनेसीत आला तो तक्त्यावर खालच्याच नावांत. पहिल्याच सामन्यात पहिला क्वार्टरबॅक जेरी कॉल्क्विट याचा गुडघा गेला, काही आठवड्यांत त्याच्या जागी आलेला टॉड हेल्टन जायबंदी झाला (हाच हेल्टन पुढे बेसबॉलमध्ये गाजला), आणि पहिल्याच वर्षी सूत्रं पेटनच्या हातात आली. धाकटा ईलाय १९९९ साली वडिलांच्याच कॉलेजात गेला, वर्षभर बसला आणि नंतर चार हंगाम खेळला. पेटन १९९८ च्या आणि ईलाय २००४ च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिल्या क्रमांकावर निवडले गेले. एक खेळून शिकला, एक बसून शिकला, पोचले दोघेही. पुतण्या आर्च २०२३ साली टेक्सासला गेला, त्याचं पहिलं वर्ष रेडशर्टमध्ये गेलं, दुसऱ्या वर्षी क्विन युअर्सच्या मागे थांबला आणि २०२५ मध्ये संघ त्याच्या ताब्यात आला.

तेव्हा 'बसवलं तरच घडतो' किंवा 'खेळवलं तरच घडतो' असलं काही उदाहरणांनी सिद्ध करायला जाऊ नये. हवी ती उदाहरणं मिळतात.

वाचलेलं वर्ष कुणाच्या खात्यात?

रेडशर्टच्या बाजूने सगळ्यात जास्त ऐकू येणारा मुद्दा म्हणजे 'एक वर्ष वाचतं'. मला हाच मुद्दा सगळ्यात लंगडा वाटतो. हायस्कूल संपून तीन वर्षं झाली की खेळाडू एनएफएल ड्राफ्टला पात्र होतो. म्हणजे मुलगा खरोखर असामान्य असेल तर तो तिसऱ्या, फार तर चौथ्या वर्षानंतर जाणार. पाचवं वर्ष कागदावरच राहतं.

जॉनी मॅन्झिल टेक्सास ए अँड एममध्ये २०११ साली बसला, २०१२ मध्ये हाइझमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार) जिंकणारा पहिला फ्रेशमन, म्हणजे पहिलाच हंगाम खेळणारा, ठरला आणि २०१३ नंतर गेला. कॉलेजला मिळाले दोन हंगाम. जेमीस विन्स्टन फ्लोरिडा स्टेटमध्ये २०१२ साली बसला, २०१३ मध्ये हाइझमन आणि राष्ट्रीय विजेतेपद दोन्ही घेऊन आला आणि २०१४ नंतर गेला. पुन्हा दोनच. याउलट क्लेम्सनने ट्रेव्हर लॉरेन्सला २०१८ मध्ये पहिल्याच वर्षी खेळवलं आणि तो तीन हंगाम देऊन गेला. त्याला बसवलं असतं तर क्लेम्सनने एक वर्ष वाचवलं नसतं, घालवलं असतं.

वाचलेलं वर्ष खरोखर वापरतात ते मधल्या फळीतले, किंवा उशिरा उमलणारे. आणि त्यातले बरेच जण ते दुसरीकडे वापरतात. जो बरो २०१५ साली ओहायो स्टेटमध्ये रेडशर्ट होता. तीन वर्षं तिथे काढून, पदवी घेऊन तो एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठात) गेला आणि २०१९ मध्ये ६० टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) फेकून १५-० असा हंगाम खेळला. फर्नांडो मेंडोझा २०२२ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला, बसला. २०२५ ची हाइझमन त्याने जिंकली ती इंडियानाच्या जर्सीत. बर्कलीने पेरलं, इंडियानाच्या ब्लूमिंग्टनने कापलं. आजच्या कोचने हे भिंतीवर लिहून ठेवावं: खेळाडूला पोर्टलमधून (बदली हवी असलेल्या खेळाडूंच्या यादीतून) दुसऱ्या कॉलेजात गेल्यावर एक वर्ष थांबावं लागायचं, ती अट २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरती गेली आणि २०२४ मध्ये जवळपास संपलीच.

शिवाय पाच वर्षांत पाचही हंगाम खेळू द्यावेत, असे प्रस्तावही एनसीएएमध्ये चर्चेत आलेले आहेत. तसं झालं तर 'वर्ष वाचवणं' हा शब्दप्रयोगच निकालात निघेल. म्हणून निर्णय चौथ्या-पाचव्या वर्षाकडे बघून घेऊच नये. प्रश्न याच हंगामाचा आहे: मुलगा यंदा खेळून शिकेल की मोडेल?

अंग आणि डोकं

२३ सप्टेंबर २०२३, सॉल्ट लेक सिटी. यूसीएलएचा (लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा) अठरा वर्षांचा डँटे मूर, समोर यूटाचा बचाव. सामन्यातला यूसीएलएचा पहिलाच प्ले, म्हणजे पहिलाच स्नॅप. मूरने फेकलेला चेंडू यूटाच्या बचावातल्या कॅरीन रीडने मधेच पकडला आणि थेट एंड झोनमध्ये (गोलरेषेपलीकडे) नेला. सामना यूसीएलए १४-७ हरली, म्हणजे अंतर त्या एका चेंडूचंच. त्यापुढच्या दोन सामन्यांतही मूरचा एकेक पास असाच उलटून टचडाउन झाला. हंगामाच्या मध्यावर जागा गेली आणि हंगाम संपल्यावर मुलगाही गेला.

पण गोष्ट इथे संपत नाही. मूर ऑरेगनला गेला आणि तिथे २०२४ मध्ये डिलन गेब्रिएलच्या मागे बसला. रेडशर्ट त्याने दुसऱ्या वर्षी घेतलं. २०२५ मध्ये तोच ऑरेगनला प्लेऑफच्या उपांत्य फेरीपर्यंत घेऊन गेला. तिथे समोर कोण, तर मेंडोझाची इंडियाना, आणि तिने ऑरेगनला सपशेल हरवलं. म्हणजे रेडशर्टचं वर्ष पहिलंच असलं पाहिजे असं नाही. आधी मार खाऊन मग बसलेल्याला, बसून काय बघायचं हे जास्त कळतं, असं माझं आपलं मत.

बसलेल्या मुलाचा आठवडा कसा जातो हेही बघितलं पाहिजे. 'वर्षभर शिकेल' म्हणताना लोकांच्या डोळ्यांपुढे पोथी वाचणारा विद्यार्थी असतो. प्रत्यक्षात तो बहुधा स्काउट टीमचा क्वार्टरबॅक असतो. येत्या शनिवारच्या प्रतिस्पर्ध्याचे प्ले कार्डांवर काढलेले असतात. सहायक कोच कार्ड वर धरतो, मुलगा ते बघून तो प्ले चालवतो, समोर स्वतःच्याच कॉलेजचा पहिल्या फळीचा बचाव असतो. फायदा असा की रोज खऱ्या वेगाशी गाठ पडते. तोटा असा की आपल्या संघाचं प्लेबुक सोडून दर आठवड्याला परक्याची नक्कल करावी लागते. चांगले कोच त्याला काही स्नॅप दुसऱ्या फळीबरोबर देतात, मीटिंगमध्ये पहिल्या क्वार्टरबॅकच्या शेजारी बसवतात, शनिवारी कानाला हेडसेट लावून साइडलाइनवर इशारे द्यायला उभं करतात. हे होणार नसेल तर रेडशर्टचं वर्ष म्हणजे वजन उचलण्याचं वर्ष. त्याचीही गरज असते, पण ती क्वार्टरबॅकपेक्षा अंगाने धडकणाऱ्या लाइनमनला जास्त.

आणखी एक फरक: आजकाल बरेच क्वार्टरबॅक हायस्कूल डिसेंबरातच उरकून जानेवारीत कॉलेजात येतात. वसंतातले पंधरा सराव त्यांच्या गाठीशी असतात. असा मुलगा आणि जूनमध्ये आलेला मुलगा ऑगस्टमध्ये एका पायरीवर नसतात.

इथे मराठी वाचकाच्या तोंडी सचिनचं नाव येणारच: सोळाव्या वर्षी कराचीत उतरवलंच ना? उतरवलं, पण सहाव्या क्रमांकावर. क्वार्टरबॅकला सहावा क्रमांक नसतो. प्रत्येक प्ले त्याच्याच हातातून सुरू होतो. त्याचं संरक्षण करतात समोरचे पाच लाइनमन, आणि माझ्या लेखी निम्मा निर्णय त्या पाच जणांवर आहे. लाइन अनुभवी असेल तर अठरा वर्षांचा मुलगा चुका करूनही शाबूत राहतो. लाइन कच्ची असेल तर तो चेंडू फेकण्याआधी मार चुकवायला शिकतो, आणि ही खोड पुढे जाता जात नाही.

मोठ्या पोराचं काय?

खेळवण्याची किंमत दुसऱ्या कुणालातरी मोजावी लागते. २०१८ मध्ये क्लेम्सनचा पहिला क्वार्टरबॅक केली ब्रायंट होता, आदल्या वर्षी संघाला प्लेऑफमध्ये नेलेला. चार सामने जिंकल्यावर कोच डॅबो स्विनीने जागा लॉरेन्सला दिली. ब्रायंटने त्याच आठवड्यात संघ सोडला. नवा चार सामन्यांचा नियम त्यालाच उपयोगी पडला, कारण चारच सामने झाल्यामुळे त्याचं शेवटचं वर्ष वाचलं. शनिवारी समोर सिरॅक्यूज. लॉरेन्सला दुसऱ्या क्वार्टरमध्ये असा धक्का बसला की तो परत आला नाही. ब्रायंट गेलेला, लॉरेन्स बाहेर. उतरला तो चेस ब्राइस, आदल्या वर्षी रेडशर्ट राहिलेला पोरगा. शेवटच्या ९४ यार्डांच्या चालीत, चौथा डाउन (म्हणजे शेवटची संधी) आणि सहा यार्ड हवे असताना, त्याने टी हिगिन्सला वीस यार्डांचा पास दिला. क्लेम्सन २७-२३ जिंकली, पुढे १५-० झाली आणि अंतिम सामन्यात तिने अलाबामाला ४४-१६ असं धुतलं.

लोकांना यातला लॉरेन्स आठवतो. कोचने ब्राइस आठवावा. पहिल्या वर्षाच्या मुलाला खेळवायचं असेल तर मागे एक तयार माणूस लागतो आणि तो आदल्या वर्षी कुणाला तरी बसवल्याशिवाय तयार होत नाही. हल्ली हेच अवघड झालंय. जागा गेलेला मोठा क्वार्टरबॅक थांबत नाही. जुलै २०२५ पासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देतात, सगळे खेळ मिळून पहिल्या वर्षाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर, आणि क्वार्टरबॅकचा भाव सगळ्यात चढा. दोन चांगले क्वार्टरबॅक सांभाळणं ही चैन झाली आहे.

काय ठरवावं

नव्या मुलाला उतरवावं, जर तो आत्ताच्या क्वार्टरबॅकपेक्षा आजच उजवा असेल, लाइन जुनी-जाणती असेल आणि मागे कुणीतरी भरवशाचा असेल. यात 'पुढे उजवा होईल' धरायचं नाही. तिन्ही गोष्टी जुळत असतील तर बसवण्यात काही राखलं जात नाही.

तिन्हींतली एक जरी कमी असेल, विशेषतः लाइन, तर बसवावं. पण मग चार सामने मोजून वापरावेत. सप्टेंबरातल्या दुबळ्या प्रतिस्पर्ध्यापुढे एक, तोही दोन पूर्ण चाली देऊन. दोन वेळा चेंडू दुसऱ्याच्या हातात ठेवायला पाठवून सामना जाळण्यात अर्थ नाही. एक ऑक्टोबरात बाहेरगावी, आरडाओरड्यात. उरलेले दोन नोव्हेंबरसाठी, कारण तोवर पहिल्याचा खांदा किंवा घोटा कुरकुरायला लागलेला असतो.

सगळ्यात वाईट पर्याय या दोहोंच्या मधला: सहा-सात सामन्यांत शेवटची पाच मिनिटं. हंगामही गेला, अनुभवही नाही. कोच हे घाबरून करतात, मुलगा पोर्टलमध्ये जाऊ नये म्हणून तोंडाला पानं पुसतात. २०१७ मध्ये अलाबामात तुआ टॅगोव्हायलोआलाही असेच तुकडे मिळत होते, आणि जानेवारीतल्या अंतिम सामन्यात मध्यंतरानंतर येऊन त्याने जॉर्जियाला २६-२३ हरवलं, हे खरं. पण त्या संघाची लाइन कुठली आणि कोच निक सेबन, हेही तितकंच खरं.

आणि जे ठरेल ते मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना पहिल्या सामन्याआधी सांगावं: कुठले सामने, सरावात किती स्नॅप, पुढच्या वसंतात जागेसाठी झुंज खुली असेल की नाही. डिसेंबरात पोर्टलची चर्चा सुरू झाल्यावर सांगितलेल्या गोष्टी कुणी ऐकत नाही.