लिथुआनियाचे नागरिकत्व परत मिळवून देणारी सेवा : शोधकाम उत्तम, इतिहास अर्धा

विल्नियसमधील ज्या सल्लागार संस्थेमार्फत आम्ही माझ्या पतींचे लिथुआनियन नागरिकत्व पुनर्स्थापित करून घेतले, तिचे नाव येथे देत नाही, कारण असे काम करणाऱ्या संस्था अनेक आहेत आणि माझे आक्षेप त्यांपैकी बहुतेकींना लागू पडतील असे मला वाटते. या सेवेचे दोन मुख्य भाग असतात: अभिलेखागारांतून पुरावे शोधणे आणि ते जोडून अर्ज दाखल करणे. पहिल्या भागासाठी पैसे अवश्य मोजावेत, दुसऱ्यासाठी शक्यतो मोजू नयेत, असे माझे मत आहे.

१५ जून १९४० पूर्वी जे लिथुआनियाचे नागरिक होते, त्यांना आणि त्यांच्या मुलांना, नातवंडांना व पतवंडांना नागरिकत्व पुनर्स्थापित करून घेण्याचा हक्क आहे. ती तारीख सोव्हिएत फौजांनी देश व्यापल्याची आहे. राज्य त्या दिवशी संपले नाही, त्यावर फक्त कब्जा झाला, ही भूमिका कायद्याच्या मुळाशी आहे; अमेरिकेनेही सोव्हिएत संघातले ते विलीनीकरण कधीच मान्य केले नाही आणि लिथुआनियाची वॉशिंग्टनमधील वकिलात संपूर्ण सोव्हिएत काळात सुरू राहिली. पतींचे आजोबा, म्हणजे माझ्या सासूबाईंचे वडील, १९४४ मध्ये सोव्हिएत फौजा परत येण्याआधी देश सोडून जर्मनीतील निर्वासितांच्या छावणीत राहिले आणि १९४९ मध्ये शिकागोला आले. त्यांच्या पिढीने शाळा, चर्च, वृत्तपत्रे आणि १६ फेब्रुवारीचा स्वातंत्र्यदिन नेटाने चालवले, ते याच भूमिकेच्या बळावर.

घरातल्या आठवणी कितीही पक्क्या असल्या तरी पुराव्याच्या वेळी त्या कामी येत नाहीत. आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद आमच्याकडे होती. परंतु ती झारच्या काळातील असल्याने तिच्यावरून जन्म सिद्ध होतो, नागरिकत्व नव्हे. १९१८ ते १९४० या काळातील स्वतंत्र राज्याने त्यांना आपला नागरिक मानले होते, हे दाखवणारा कागद हवा असतो. संस्थेच्या संशोधिकेने लिथुआनियाच्या केंद्रीय राज्य अभिलेखागारातून त्यांच्या अंतर्गत पासपोर्टचे (देशांतर्गत ओळखपत्राचे) दप्तर आणि लष्करी सेवेची नोंद काढून दिली. त्याहून अवघड काम नावांचे होते. अमेरिकेत आडनाव आखूड झाले होते आणि सासूबाईंनी लिथुआनियन रीतीचे मुलीचे आडनाव सोडून वडिलांचेच रूप लावले होते, त्यामुळे कागदोपत्री तीन पिढ्यांची तीन वेगळी माणसे दिसत होती. बाप्तिस्म्याची नोंद, छावणीतील यादी, जहाजाची यादी आणि अमेरिकन नागरिकत्वाचा दाखला अशी साखळी जोडून तिने हा गुंता सोडवला. हे काम घरबसल्या आम्हाला जमले नसते. ज्यांचे पूर्वज विल्नियस भागातील आहेत, त्यांना तर अशा जाणकाराशिवाय पुढे जाणे कठीणच आहे, कारण दोन महायुद्धांमधील बहुतेक काळ तो भाग पोलंडकडे होता आणि लिथुआनियाची राजधानी तात्पुरती कौनसला होती.

अर्जाचा भाग मात्र निराशाजनक होता. अर्ज स्थलांतर विभागाच्या ‘मिग्रिस’ या प्रणालीतून भरता येतो आणि परदेशातील कागदपत्रांची लिथुआनियन भाषांतरे व त्यांचे प्रमाणीकरण वेगळेही करून घेता येते. एवढ्यासाठी आकारलेले शुल्क मला अवाजवी वाटले. शिवाय संस्थेच्या माहितीपत्रकात ‘लिथुआनियन वंशाच्या सर्वांना दुहेरी नागरिकत्व’ असे ठसठशीत छापले होते, आणि ते सरळसरळ चुकीचे आहे. संविधानाच्या १२व्या कलमानुसार कायद्याने ठरवलेले अपवाद सोडले तर दुहेरी नागरिकत्व चालत नाही, आणि ११ मार्च १९९० पूर्वी, म्हणजे स्वातंत्र्य पुन्हा जाहीर होण्याआधी, देश सोडलेले लोक व त्यांचे वंशज हा त्यातला महत्त्वाचा अपवाद आहे. हे कलम केवळ सार्वमतानेच बदलता येते आणि त्यासाठी एकूण नोंदणीकृत मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी होकार द्यावा लागतो. २०१९ आणि २०२४ अशा दोन्ही सार्वमतांत, मतदान केलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोक बदलाच्या बाजूने असूनही, हा उंबरठा ओलांडता आला नाही.

परिणामी लिथुआनियन भाषेचे एक वाक्यही न येणारे माझे पती आज दोन देशांचे नागरिक आहेत. पण शिकागोजवळच्या लेमाँटमधील शनिवारच्या शाळेत मुलांना ती भाषा शिकवणारी आमची ओळखीची बाई अमेरिकन नागरिकत्व घेऊ धजत नाही, कारण ती १९९० नंतर आली आणि ते घेतल्यास तिचे मूळ नागरिकत्व जाईल. जुन्या स्थलांतरितांमध्ये याविषयी जो मानभावीपणा आढळतो, तो मला खटकतो. १९४४ मध्ये देश सोडलेले आणि आयुष्याचा मोठा भाग शिकागोत काढलेले वाल्दास अदामकुस यांनी लिथुआनियाचे राष्ट्राध्यक्ष होताना अमेरिकन नागरिकत्व सोडले, हा दाखला तेथे वारंवार दिला जातो. पण राष्ट्राध्यक्षाचे माप शिक्षिकेला लावण्यात काय अर्थ आहे? (पत्नी म्हणून मला स्वतःला हवे असेल, तर सात वर्षे लिथुआनियात राहून भाषेची आणि संविधानाची परीक्षा द्यावी लागेल. त्याबद्दल माझी तक्रार नाही.)

संस्थेने भेटीदाखल ‘कौटुंबिक इतिहास’ नावाची एक पुस्तिकाही दिली. तीत सायबेरियातील हद्दपारी, जंगलात लढलेले सशस्त्र गट आणि १९९० चे स्वातंत्र्य सविस्तर आहे. आजोबांच्या गावातील ज्यू वस्ती मात्र १९३९ च्या पानावर आहे आणि १९४५ च्या पानावर नाही, मध्ये काय झाले ते कुठेच लिहिलेले नाही. १९४१ च्या उन्हाळ्यापासून, नाझी जर्मनीच्या ताब्यात असताना, लिथुआनियातील सुमारे दोन लाख ज्यूंची हत्या झाली, विल्नियसलगतच्या पानेरिआयसारख्या ठिकाणी आणि असंख्य लहान गावांच्या कडेला, आणि तीत स्थानिक लोकांचाही हात होता. सरकारी स्मृतीलाही येथवर यायला वेळ लागला. विल्नियसमध्ये केजीबीच्या जुन्या इमारतीत असलेले संग्रहालय २०१८ पर्यंत नरसंहाराच्या बळींचे म्हणून ओळखले जात होते, पण त्याचा भर सोव्हिएत अत्याचारांवर होता. ज्यूंच्या हत्याकांडावरील दालन तेथे २०११ मध्ये आले. दक्षिण आफ्रिका व इस्रायलमधील लिथुआनियन ज्यूंच्या वंशजांना, ‘तुमचे पूर्वज पळून गेले नव्हते, स्वखुशीने गेले होते,’ अशा कारणाने दुहेरी नागरिकत्व नाकारले जात होते. ती अट २०१६ च्या दुरुस्तीने दूर झाली. आज अशा वंशजांकडूनही शुल्क घेणाऱ्या संस्थेने पुस्तिकेत हे वगळावे, हे मला अक्षम्य वाटते. मी लेखी विचारले असता ‘हा विषय आमच्या सेवेच्या कक्षेत येत नाही’ एवढेच उत्तर आले.

ज्यांना ही सेवा घ्यायची आहे, त्यांनी केवळ संशोधनाचा करार करावा आणि मूळ दप्तराच्या प्रती संग्रह, सूची व धारिका यांच्या क्रमांकांसह मिळतील, असे त्यात लिहून घ्यावे. आम्हाला आधी फक्त भाषांतरे पाठवण्यात आली होती. आजोबांचे पासपोर्टवरील छायाचित्र आणि सही मागणी केल्यावर मिळाली.