यामाहा वायसी६१: डावा हात ड्रॉबारवर ठेवणाऱ्यांचा कीबोर्ड

वायसी६१ समोर आला की बहुतेक जण आधी पियानोचे आवाज वाजवून बघतात. ते नंतर. आधी ऑर्गनचा विभाग चालू करा, परकशन (सुराच्या सुरुवातीची ‘टक्’) आणि व्हायब्रेटो (सुराचा कंप) बंद ठेवा, रोटरी म्हणजे फिरत्या स्पीकरचा परिणाम थांबवा आणि नऊही ड्रॉबार, म्हणजे आवाजाचे थर कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या दांड्या, आत ढकला. मग मधल्या एका पट्टीवर बोट दाबून ठेवा आणि एकेक ड्रॉबार बाहेर ओढत जा. ड्रॉबारवरचे फुटांचे आकडे ऑर्गनच्या नळीच्या लांबीवरून आलेले आहेत. दाबलेली पट्टी सा मानली, तर १६ फुटी ड्रॉबारवर खालच्या सप्तकातला सा येतो, ५⅓ वर पंचम आणि ८ फुटीवर तो सा स्वतः. ४ फुटीवर तार सा, २⅔ वर त्याच्या पुढचा पंचम, २ फुटीवर आणखी वरचा सा, १⅗ वर गंधार, १⅓ वर पंचम आणि १ फुटीवर सगळ्यांत वरचा सा. एवढं कानात बसलं की ‘८८८००००००’ असा आकडा बघताक्षणी आवाज डोक्यात वाजतो. प्रत्येक ड्रॉबारला ० ते ८ असे टप्पे असतात, आणि हा आकडा म्हणजे डावीकडून उजवीकडे नऊ ड्रॉबारची जागा.

हे नऊ ड्रॉबार खरेखुरे सरकणारे आहेत, आणि या कीबोर्डच्या बाजूने आमचं पहिलं मत त्यासाठीच आहे. बटणं दाबून आकडे बदलणाऱ्या कीबोर्डवर गाणं चालू असताना आवाज फुलवता येत नाही. इथे उजवा हात कॉर्ड धरून असतो आणि डाव्या हाताची तीन बोटं एकाच वेळी तीन ड्रॉबार ओढतात. शेजारचे दिवे साठवलेल्या आवाजाची मांडणी दाखवतात. मात्र साठवलेला आवाज निवडला की ड्रॉबार काही आपोआप हलत नाहीत, त्यामुळे दिवे एक सांगतात आणि हाताखालची जागा दुसरीच असते. अशा वेळी ड्रॉबारला हात लावला की आवाज एकदम उडी मारू शकतो. कार्यक्रमात पुढचा आवाज निवडल्यावर पहिला सूर वाजवण्याआधी ड्रॉबार दिव्यांशी जुळवून घ्यायची सवय लावा. बदललेली मांडणी साठवली नाही आणि दुसऱ्या आवाजावर गेलात, तर ती गेलीच.

टोनव्हील ऑर्गनचे, म्हणजे फिरत्या चकत्यांवरून सूर काढणाऱ्या ऑर्गनचे, तीन प्रकार दिले आहेत. नमुना अर्थातच हॅमंड कंपनीच्या ऑर्गनचा आहे. मूळ बी-३ मध्ये ९१ फिरत्या चकत्या असतात, आणि बाक-पेडलसकट ते धूड दोनशे किलोंच्या आसपास भरतं. वायसी६१ चं वजन ७.१ किलो. ट्रान्झिस्टर ऑर्गनचे आणखी तीन आवाज एफएम पद्धतीने (एका लहरीने दुसरी लहर बदलून) घडवले आहेत. ते पातळ, कडक आणि जुन्या पॉप गाण्यांना अगदी चपखल बसणारे आहेत.

जॅझसाठी जमलेली मांडणी अशी: ८८८००००००, व्हायब्रेटोचा सी-३ हा प्रकार आणि परकशन तिसऱ्या हार्मोनिकवर (२⅔ चाच सूर), जलद आणि सॉफ्ट. परकशन वाजत नाही अशी तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते. मूळ ऑर्गनमध्ये सगळ्या पट्ट्या सोडल्यानंतरच परकशन पुन्हा तयार होतं. एखादं बोट जरी दाबलेलं राहिलं तरी पुढच्या सुरांना तो ‘टक्’ मिळत नाही. म्हणजे मशीन बिघडलेलं नसतं, वाजवण्यात मोकळ्या जागा कमी पडत असतात. जिथे टक् हवा तिथे आधीचे सूर सोडा. आणखी एक गोष्ट: मूळ बी-३ वर परकशन लावलं की १ फुटी ड्रॉबार गप्प होतो, म्हणून तो ओढून चमक वाढवायच्या मागे लागू नका.

जोडणीत घाई नको. रोटरीचा आवाज स्टिरिओ आहे, म्हणून एल आणि आर दोन्ही केबल काढून मिक्सरच्या दोन चॅनेलमध्ये घ्या आणि पॅन डावी-उजवीकडे करा. एकच चॅनेल मिळत असेल तर केबल एल/मोनो लिहिलेल्या जॅकमध्येच लावा. आरमध्ये लावलेल्या एकट्या केबलवर फिरत्या स्पीकरची फक्त अर्धी बाजू येते. गेन (मिक्सरमध्ये आत येणाऱ्या आवाजाची पातळी) ठरवताना नऊही ड्रॉबार पूर्ण बाहेर, पेडल पूर्ण दाबलेलं आणि दोन्ही हातांनी भरगच्च कॉर्ड. तीन ड्रॉबारवर गेन बसवलात तर शेवटच्या गाण्यात सगळे ओढल्यावर मिक्सरमध्ये आवाज फाटतो, आणि तो कर्कशपणा ड्राइव्हच्या (मुद्दाम आणलेल्या) उबदार खरखरीपेक्षा वेगळा असतो. चालू करताना आधी कीबोर्ड, मग ॲम्प. बंद करताना उलट.

एक्स्प्रेशन पेडलशिवाय हा कीबोर्ड घेऊ नका. ऑर्गनची पट्टी जोरात दाबली काय आणि हळू दाबली काय, आवाजाची पातळी तीच राहते. लहान-मोठेपणा सगळा पायात असतो. पेडल उलटं चालत असेल किंवा शेवटच्या टोकालाच एकदम आवाज येत असेल, तर ते बहुधा दुसऱ्या कंपनीच्या वायरिंगचं आहे. जॅकच्या टोकाची आणि मधल्या कड्याची जोडणी सगळ्या कंपन्या सारखी ठेवत नाहीत, म्हणून यामाहाचंच एफसी७ पेडल घेतलेलं बरं. मग एक चाचणी करा. ड्राइव्ह अर्ध्यावर ठेवा, कॉर्ड धरा आणि पेडलचा दाब सावकाश कमी करत जा. आवाजाबरोबर खरखरही विरत गेली तर पेडल ड्राइव्हच्या आधी काम करतंय. लेस्लीसारख्या खऱ्या फिरत्या स्पीकरचा स्वभाव तोच, आणि आम्हाला तोच हवा.

सस्टेन पेडलचा ऑर्गनला फारसा उपयोग नाही. त्याऐवजी फूट स्विचला रोटरीचा वेग द्या. खऱ्या लेस्लीत वरचा भोंगा हलका असल्याने पटकन वेग घेतो, खालचा जड ढोल मागून रेंगाळत येतो. वेग बदलल्यावर या दोघांची जी ओढाताण ऐकू येते तीच खरी मजा, म्हणून लांब धरलेल्या कॉर्डच्या सुरुवातीला बदल करा. प्रत्येक मात्रेला स्विच दाबणाऱ्यांना ती कधी मिळत नाही.

पट्ट्या हलक्या आहेत आणि पुढची कड सरळ खाली उतरते, त्यामुळे तळहात घासून वर-खाली जाताना बोचत नाही. याच पट्ट्यांवर पियानो मात्र अपुरा वाटतो. पियानोचे आवाज चांगले आहेत, पण बोटाखाली पुरेसं वजन नसल्याने हळुवार वाजवताना ताबा सुटतो. बँडमध्ये पियानोची साथ करायला चालेल, एकट्याने पियानो वाजवायला नाही.

मोठी उणीव म्हणजे मॅन्युअल, म्हणजे पट्ट्यांची ओळ, एकच. ६१ पट्ट्या दुभागून डावीकडे बास आणि उजवीकडे धून वाजवायची म्हटलं तर प्रत्येक हाताला जेमतेम अडीच सप्तकं मिळतात, आणि दोन्ही हात मध्यावर एकमेकांना अडतात. पायांनी बास वाजवणाऱ्यांनी किंवा दोन मॅन्युअलवर शिकलेल्यांनी थेट दुमजली ऑर्गनच बघावा. एका हाताने वाजवून दुसऱ्या हाताने आवाज घडवणाऱ्यांनी हा घ्यावा, आणि पैसे कमी पडत असतील तर स्टँड साधा घ्यावा, पेडल नाही.