कोमोडोचा ट्रेक: ड्रॅगन दिसतोच, पण तो ढीग कोणाचा ते विचारा

स्टार द्यायचे तर बोटवाल्या एजंटला दोन आणि रेंजरला पाच. नाव घेत नाही, पण इंडोनेशियातल्या लाबुआन बाजो बंदरावरून ज्या पॅकेजने गेलो त्यात "बर्ड वॉक" लिहिलेलं होतं आणि प्रत्यक्षात पक्षी हा शब्दसुद्धा कोणी काढला नाही, त्यात बोट उशिरा सुटली, कोमोडो बेटावर लोह लियांगला उतरेपर्यंत ऊन डोक्यावर आणि पक्षी सगळे गायब.

बरं मी काही ड्रॅगनसाठी, म्हणजे त्या महाकाय घोरपडीसाठी गेलोच नव्हतो, मला मेगापोड हा पक्षी बघायचा होता. आपल्याकडे तो निकोबारला आहे पण तिथे ट्रायबल पास लागतो, पर्यटकांना असंतसं जाता येत नाही, म्हणून मग याचा नारिंगी पायांचा भाऊ बघायला इंडोनेशिया. तिथे त्याला गोसोंग म्हणतात, रेंजरला हा शब्द सांगितला आणि माणूस एकदम खुलला, मिडियम ट्रेकवाल्या ग्रुपला थांबवून आम्हाला एका ढिगापाशी घेऊन गेला. सगळे म्हणाले ड्रॅगनचं घरटं! तसं ते आहेही, मादी ड्रॅगन सप्टेंबरच्या आसपास अशाच ढिगात अंडी घालते, पण ढीग तिने बांधलेला नसतो हो, बांधतो हा कोंबडीएवढा पक्षी, पायाने माती नि पाचोळा मागे ढकलत ढकलत. आयतं घर आणि वर अंडी खायलाही तीच बाई हजर.

आणि एवढा ढीग कशाला, तर हा पक्षी खुडूक बसतच नाही. अंडी आत पुरतो, पाचोळा कुजतो, त्या उबेवर अंडी उबतात, म्हणजे शेणखताच्या ढिगात हात घातल्यावर लागते ना तीच ऊब. अंडं पक्ष्याच्या मानाने भलतंच मोठं, आत बलक भरपूर, त्यामुळे पिल्लू पिसांसकट तयार होऊन निघतं, स्वतःच माती उकरत वर येतं आणि आईबापाचं तोंडही न बघता झाडीत पळतं. आमच्याकडे पोरगं तिशीत आलं तरी डबा भरून द्यावा लागतो.

तोटे सांगायचे तर ग्रुप मोठा असेल तर विसरा, पाचोळ्यावर पंधरा जणांचे बूट वाजले की पक्षी थांबेल कशाला. रेंजरच्या हातातली दुबेळक्याची काठी ड्रॅगनला अडवायला असते, बडबड्या लोकांना अडवायला त्यांच्याकडे काही नाही. त्यामुळे पहिली बोट मागा आणि "गोसोंग" आधीच सांगून ठेवा, पॅकेजच्या कागदावर जाऊ नका.

शेवटी दिसला, दोन सेकंद, करडा-तपकिरी, डोक्यावर छोटा तुरा, खरखर पाचोळा उडवत गेला. बोटीवर सगळे ड्रॅगनचे फोटो दाखवत होते, माझ्याकडे दोन नारिंगी पाय आणि बाकी झुडूप, तेही हललेलं.