डिजिटल स्कॅनर की व्हॉइस पेजर? फैजपूरहून, एका पावसाळ्याच्या वापरानंतर

निकाल आधीच सांगून टाकतो. तुम्हाला वायरलेसवर कुणी हाक मारणार असेल आणि ती चुकवून चालणार नसेल, तर व्हॉइस पेजर (आपली हाक आली तरच वाजणारं यंत्र) घ्या. हवेत काय चाललंय याची नुसती उत्सुकता असेल, तर स्कॅनर (एकामागून एक चॅनेल चाळत बोलणं ऐकवणारं यंत्र). उन्हाळ्यापासून दिवाळीपर्यंत दोन्ही वापरले, त्यावरून हे मत झालं.

मी हॅम आहे, म्हणजे परवाना घेऊन हौसेने वायरलेस चालवणारा. फैजपूरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, केळीच्या बागांतले सबमर्सिबल पंप येतात. आजूबाजूच्या तालुक्यांतल्या हॅम मंडळींचा आमचा छोटा गट आहे. हतनूर धरणाचे दरवाजे (एकूण 41 आहेत) उघडायला लागले की तापीकाठी लक्ष ठेवावं लागतं. लाइट गेली आणि मोबाईलच्या टॉवरची बॅटरी संपली की निरोप आमच्या वायरलेस हँडसेटवरून जातात. पण चोवीस तास हँडसेट कानाशी धरून कोण बसणार? त्यासाठी हा सगळा खटाटोप. दोन्ही यंत्रं जुनी, गटातल्याच माणसांकडून घेतलेली. माझ्या तक्रारी माझ्याकडच्या नगांपुरत्या आहेत, म्हणून ब्रँड सांगत नाही.

कायद्याचं आधी. हॅमचा परवाना म्हणजे सगळी हवा मोकळी असं नाही. आपले पट्टे 144 ते 146 आणि 434 ते 438 मेगाहर्ट्‌झ. पोलिस, रेल्वे, अग्निशमन दल यांचं बोलणं ऐकण्याची मुभा त्यात येत नाही, आणि परवान्याशिवाय वायरलेस यंत्र बाळगणं 1933च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे. भुसावळ जंक्शन जवळ असल्यामुळे हे ठासून सांगतोय. मी स्कॅनरला फक्त हॅमचे पट्टे भरून दिलेत, बाकी सगळं बंद.

स्कॅनर हे मुळात अमेरिकेसाठी बनवलेलं यंत्र. तिथे पिन कोड टाकला की आसपासच्या सगळ्या यंत्रणांची यादी आपोआप भरते. युनिडेनचा एसडीएस100 हा त्यातला नावाजलेला, किंमत 700 डॉलरच्या घरात, आणि डीएमआर (डिजिटल वायरलेसची एक पद्धत) ऐकायचं असेल तर त्याची सॉफ्टवेअरची चावी वेगळे पैसे देऊन घ्यायची. ती तयार यादी अमेरिका आणि कॅनडाची, तिचा खानदेशात काडीचा उपयोग नाही. एकेक फ्रिक्वेन्सी कॉम्प्युटरवर हाताने भरावी लागते. भरून झाली की मात्र मजा आहे. डीएमआरमध्ये एकाच 12.5 किलोहर्ट्‌झच्या चॅनेलवर दोन टाइमस्लॉटमध्ये (आलटून पालटून येणाऱ्या वेळेच्या तुकड्यांत) दोन वेगळी बोलणी चालतात. ती सुटी होऊन ऐकू येतात, कोण बोलतंय त्याचा आयडी पडद्यावर दिसतो. रात्री पालच्या बाजूला सातपुड्याच्या उंचीवर गेलो आणि सिग्नल एकामागून एक उघडत गेले, तेव्हा पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं.

घरी आणि दुकानात वेगळीच कहाणी. स्लॅबच्या घरात रबरी अँटेना जवळजवळ बहिरी होते. गच्चीवर क्वार्टर वेव्ह (दोन मीटर म्हणजे 144च्या पट्ट्यासाठी साधारण अर्धा मीटर लांबीची तार) लावली तेव्हा कुठे सुधारणा झाली. दुकानातल्या स्वस्त एलईडी ट्यूबचे ड्रायव्हर इतका कचरा हवेत सोडतात की स्कॅनर त्यावरच थबकतो. स्क्वेल्च (कमकुवत सिग्नल गाळणारी सोय) घट्ट केला की कचरा जातो, पण त्याबरोबर लांबचा सिग्नलही जातो. आणि मूळ अडचण स्कॅनिंगचीच आहे. यंत्र एका चॅनेलवर थांबलेलं असतं तेव्हा दुसरीकडे सुरू झालेल्या बोलण्याचं पहिलं वाक्य हुकतं. नेमकं त्या वाक्यातच गावाचं नाव असतं! प्रायॉरिटी चॅनेल (यंत्र मध्येमध्ये परत जाऊन तपासतं तो) लावून हे कमी होतं, संपत नाही. बॅटरी दिवसभर कशीबशी पुरते, आणि मे महिन्यात पत्र्याखाली ती हातात धरवत नाही एवढी तापते.

पेजरचं काम अगदी उलट. तो एकाच फ्रिक्वेन्सीवर बसतो आणि गप्प राहतो. बोलावणारा आधी दोन सूर पाठवतो, पहिला साधारण एक सेकंद, दुसरा तीन सेकंद. ही जोडी आपल्या पेजरात भरलेल्या जोडीशी जुळली तरच तो ओरडतो आणि पाठोपाठ आवाज सोडतो. जुळली नाही तर जगबुडी आली तरी ढिम्म. सूर पाठवायला वेगळं काही घ्यावं लागलं नाही, टू-टोन एन्कोडची सोय असलेला एक हँडसेट गटात होताच. माझा चोपड्याचा मित्र पहिल्यांदा पेजर पाहून म्हणाला, "भो, हाई ते काहीच बोलस नही!" तेच तर हवं होतं. दुकानात लेथ आणि ड्रिलचा गोंगाट असतो, तिथे कमरेला थरथर झाली की कळतं. आणि आलेला निरोप त्यात साठतो, मशीन बंद करून पुन्हा ऐकता येतो. माझ्या मते पेजर घ्यायला हे एकच कारण पुरेसं आहे. ऑगस्टमध्ये रात्री दोनदा गटाने हाक दिली, दोन्ही वेळा उठलो. रात्रभर खरखरणारा स्कॅनर उशाशी ठेवला असता तर तो मीच बंद केला असता, किंवा घरच्यांनी.

त्याच्याही खोडी आहेत. माझा पेजर फक्त अ‍ॅनालॉग एफएम, म्हणजे डिजिटल नसलेली जुनी पद्धत समजतो. गटाने उद्या सगळं डीएमआरवर नेलं तर तो मुका होईल. डिजिटल ऐकणारे पेजर मिळतात, पण बरेचसे पी25 या अमेरिकी पद्धतीसाठी बनवलेले, आमच्या डीएमआरला त्यांचा उपयोग नाही. म्हणून गटात ठरवून घेतलं की हाक अ‍ॅनालॉगवर द्यायची, गप्पा डिजिटलवर मारा हव्या तेवढ्या. शिवाय पेजरला बाहेरची अँटेना थेट जोडता येत नाही, त्यासाठी वेगळा चार्जर-स्टँड लागतो. मला तो खूप शोधून मिळाला.

जुना पेजर घेणार असाल तर आधी त्याच्या मागचा मॉडेल नंबर बघा. व्हीएचएफचे (144 मेगाहर्ट्‌झ ज्यात येतं त्या पट्ट्याचे) जुने पेजर पूर्ण पट्टा धरत नाहीत, ठरावीक तुकड्यावरच चालतात, आणि त्या तुकड्यात 144 ते 146 नसेल तर तो फुकटही घेऊ नका. प्रोग्रामिंगचा स्टँड आणि सॉफ्टवेअर विकणाऱ्याकडूनच मागा. नंतर देतो म्हणाला तर पैसेही नंतरच द्या.