चार रकाने आणि एक मर्यादा : साध्या टास्क-बोर्डाचा बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमचा छपाई आणि पॅकेजिंगचा छोटा व्यवसाय आहे. कुठल्याही दिवशी बघा, कुणाचं डिझाइन चालू असतं, कुणाचं प्रूफ (छपाईआधीचा नमुना) मंजुरीला गेलेलं असतं, कुणाचा कागद यायचा असतो, कुणाची डाय (बॉक्स कापायचा साचा) बनत असते आणि कुणाचं बिल थकलेलं असतं. माणसं मोजकी, त्यामुळे प्रत्येकाच्या डोक्यात चार-चार ऑर्डरी. हे सगळं एका जागी दिसावं म्हणून आम्ही एक अगदी साधा बोर्ड सुरू केला. आता बरेच महिने तो रोज वापरतोय. घाईचा हंगाम त्यावर काढला, मंदीचे दिवसही काढले, म्हणून आता लिहायला हरकत नाही.

बोर्डावर चार रकाने आहेत : ‘करायचंय’, ‘चालू’, ‘वाट पाहतोय’ आणि ‘झालं’. प्रत्येक कामाचं एक कार्ड, आणि काम पुढे सरकलं की कार्डही सरकतं. नियम तीनच. कार्डावर काय करायचं ते क्रियापदासकट लिहायचं, म्हणजे नुसतं ‘कॅलेंडर ऑर्डर’ नाही, ‘कॅलेंडरच्या कागदाचा भाव विचारणे’. ‘चालू’मध्ये एका माणसाची तीनपेक्षा जास्त कार्डं नकोत. आणि ‘वाट पाहतोय’मधल्या प्रत्येक कार्डावर पुन्हा कधी विचारायचं याची तारीख हवीच.

खरा फरक पडला तो या तिसऱ्या नियमाने.

आमच्यासारख्या धंद्यात काम अडतं ते बहुतेक वेळा आपल्या टेबलावर अडत नाही. प्रूफ पाठवलेलं असतं, ग्राहकाकडून ‘बघून सांगतो’ आलेलं असतं, आणि तिथेच सगळं थांबतं. कोटेशन गेलेलं असतं, होकारही नाही आणि नकारही नाही. पुरवठादाराने ‘दोन दिवसांत देतो’ म्हटलेलं असतं. अशा कामांसाठी साध्या यादीत जागाच नसते. त्यावर टिक करता येत नाही, कारण ते झालेलं नाही. आज करायचं म्हणावं, तर आपल्या हातात काही नाही. मग ते यादीतून डोक्यात जातं आणि पाठपुरावा आठवणीवर चालतो. म्हणजे ज्या दिवशी आठवलं त्या दिवशी फोन, आणि तोही बहुधा डेडलाइन डोक्यावर आल्यावर, चढ्या आवाजात.

आता प्रूफ पाठवलं की कार्ड ‘वाट पाहतोय’मध्ये जातं आणि त्याच मिनिटाला त्यावर पुढची तारीख पडते. त्या दिवशी सकाळी ज्याच्या नावावर कार्ड आहे तो शांतपणे फोन करतो : ‘शुक्रवारपर्यंत मंजुरी आली, तर सोमवारी प्लेट लावतो आणि माल ठरलेल्या दिवशी निघतो.’ उशीर व्हायच्या आधीच हे बोलणं होत असल्यामुळे आवाज चढायचं कारण उरत नाही. ग्राहकालाही ते टोचत नाही, उलट त्याचं काम कुणीतरी लक्षात ठेवलंय असं वाटतं. थकलेल्या बिलांचंही हेच. मुदत संपायच्या आधी एक साधी आठवण, मुदतीच्या दिवशी दुसरी, नंतर ठरलेल्या अंतराने. वसुलीत सगळ्यात अवघड असतो तो संकोच. तारीख आधीच ठरलेली असली, की ‘आज मागू का नको’ हा प्रश्नच उरत नाही.

यामागे थोडं मानसशास्त्रही आहे. ब्लूमा झायगार्निक यांचं १९२७ सालचं संशोधन प्रसिद्ध आहे. त्यांच्या प्रयोगांत, मध्येच थांबवलेली कामं लोकांना पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवत होती. पुढे २०११ साली मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी दाखवलं की अपुऱ्या कामाचे विचार दुसऱ्या कामात लुडबुड करतात, पण ते काम कधी आणि कसं करायचं हे नक्की ठरवलं की ती लुडबुड कमी होते, काम अजून व्हायचं असलं तरी. कार्डावरची तारीख आमच्यासाठी नेमकं हेच करते. संध्याकाळी घरी जाताना डोकं हलकं असतं, आणि या बोर्डाने दिलेल्या गोष्टींत ही मला सगळ्यात मोलाची वाटते.

‘चालू’मध्ये तीनच कार्डं, या नियमाला सुरुवातीला सगळ्यांचाच विरोध होता. कामं वीस आणि हातात तीन, मग बाकीच्यांना काय सांगायचं? पण या मर्यादेमागे भक्कम विचार आहे. रकाने आणि कार्डांची ही पद्धत ‘कानबान’ या नावाने ओळखली जाते आणि तिचं मूळ टोयोटाच्या कारखान्यांत आहे. टोयोटाचे अभियंते ताइइची ओनो यांनी तिथे अशी व्यवस्था उभी केली, की पुढच्या टप्प्याने मागितल्याशिवाय मागच्याने माल बनवायचाच नाही. कार्ड म्हणजे मागणीची चिठ्ठी, आणि कार्डं मोजकीच असल्यामुळे अर्धवट मालाचे ढीग साचायला जागाच राहत नाही. आज जे बोर्ड आपण ॲपमध्ये बघतो, त्यांत रकाने आणि कार्डं तर आली, पण ही मर्यादा बहुतेक जण वापरत नाहीत. माझ्या मते मर्यादा काढली, तर उरते ती रंगीत यादी.

याचं गणितही सोपं आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली एक नियम सिद्ध केला : हातात असलेली सरासरी कामं म्हणजे दर आठवड्याला पूर्ण होणारी कामं गुणिले एका कामाला लागणारे सरासरी आठवडे. समजा आठवड्याला ४ ऑर्डरी पूर्ण होतात आणि १२ उघड्या आहेत, तर एका ऑर्डरीला सरासरी ३ आठवडे लागणार. उघड्या ८ वर आणल्या आणि पूर्ण होण्याचा वेग तोच राहिला, तर २ आठवडे. कुणी जास्त तास राबलं नाही, नवं मशीन आलं नाही, तरी प्रत्येक ग्राहकाला माल एक आठवडा आधी. हे एकदा कागदावर मांडून दाखवल्यावर आमच्याकडचा विरोध बराच मावळला. तातडीच्या कामासाठी आम्ही एकच जागा राखून ठेवली आहे. ती भरलेली असताना दुसरं तातडीचं आलं, तर आधी पहिलं संपवायचं किंवा ग्राहकाशी बोलून तारीख ठरवायची. सगळीच कामं तातडीची असतात तेव्हा तातडी या शब्दाला अर्थ राहत नाही.

आता सातत्याबद्दल, कारण त्यासाठीच हा खटाटोप. नव्या ऑर्डरीकडे लक्ष आपोआप जातं, तिला कुणी विसरत नाही. विसरतात ती वारंवार येणारी, कुणी न मागितलेली कामं : जुन्या ग्राहकांना फोन, प्रलंबित कोटेशनांवर नजर, फायलींचा बॅकअप, मशीनची साफसफाई, कागदाचा साठा मोजणे, येणी-देणी जुळवणे. ही कामं एक आठवडा राहिली तर काही बिघडत नाही आणि सहा महिने राहिली तर बरंच बिघडतं. यांची कार्डं आम्ही आपोआप परत येणारी करून ठेवली आहेत. इथे एक बारकावा आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. परत येणारी कामं दोन प्रकारची असतात. कराचं विवरणपत्र कॅलेंडरला बांधलेलं असतं, मागचं कधी भरलं याच्याशी पुढच्या तारखेचा संबंध नाही. मशीनची साफसफाई मात्र मागच्या वेळी ज्या दिवशी झाली तिथून मोजायला हवी. ती आठ दिवस उशिरा झाली, तर पुढचीही आठ दिवस पुढे जायला हवी, नाहीतर दोन साफसफाया एकमेकींना चिकटून येतात. काही ॲपमध्ये या दोन्ही सोयी असतात, काहींत फक्त पहिली. ॲप निवडताना हे आधी तपासा.

सलग किती दिवस केलं याची साखळी मोजणं आम्ही मुद्दाम टाळलं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत वाचण्यासारखा आहे. सवय अंगवळणी पडायला मध्यक (म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ६६ दिवस लागले, पण माणसागणिक हा आकडा १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. शिवाय मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडला नाही. व्यवसायात दिवस चुकणारच. मशीन बंद पडतं, माणूस आजारी पडतो, मोठी ऑर्डर सगळं खाऊन टाकते. अशा दिवसानंतर बोर्ड जिथे होता तिथेच सापडतो, म्हणून परत सुरू करायला वेगळा धीर गोळा करावा लागत नाही. मला सातत्याची ही व्याख्या पटते : खंड पडला तरी धागा कुठे होता ते कळणं.

शुक्रवारी दुपारी अर्धा तास सगळे मिळून बोर्ड बघतो. दोन आठवडे जागेवरून न हललेलं कार्ड मोठ्याने वाचायचं. ते एक तर फार मोठं असतं, मग त्याचे तुकडे करायचे. किंवा चुकीच्या माणसाकडे असतं, मग नाव बदलायचं. नाहीतर आता कुणालाच नको असतं, मग काढून टाकायचं. कार्ड काढून टाकणं हा या बैठकीचा सर्वांत उपयोगी भाग आहे आणि त्याला थोडं धाडस लागतं.

‘झालं’ हा रकाना सुरुवातीला नुसता समाधानासाठी वाटतो. पण प्रत्येक कार्डावर सुरू केल्याची आणि संपल्याची तारीख असल्याने काही महिन्यांत तिथे खरी माहिती साठते. माणसाचा अंदाज नेहमी आशावादी असतो. कानेमान आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीबद्दल लिहिलं, आणि १९९४ च्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांनी आपला प्रबंध पूर्ण व्हायला सरासरी सुमारे ३४ दिवस लागतील असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात सुमारे ५५ लागले. यावरचा उपाय म्हणजे तसलीच जुनी कामं किती दिवसांत झाली ते पाहणं. आता लॅमिनेशन आणि डाय-कटिंग असलेल्या बॉक्सची तारीख विचारली, की आम्ही जुनी कार्डं उघडतो आणि त्यावरून तारीख देतो. ती ऐकून एखादा ग्राहक दुसरीकडे जातो. जे थांबतात त्यांना माल त्या तारखेला मिळतो आणि ते परत येतात.

उणिवाही सांगायला हव्यात. एकमेकांवर अवलंबून असलेली बरीच कामं असतील, म्हणजे हे झाल्याशिवाय ते नाही, तर चार रकाने अपुरे पडतात. मोठ्या ऑर्डरीसाठी आम्ही कार्डाच्या आत चेकलिस्ट ठेवतो, पण टप्प्यांमधलं अवलंबन त्यात दिसत नाही. भेटीच्या वेळा बोर्डावर ठेवू नयेत, त्यांची जागा कॅलेंडर. फोनच्या छोट्या पडद्यावर चार रकाने एकदम दिसत नाहीत आणि बोर्डाचा निम्मा उपयोग एका नजरेत दिसण्यातच आहे, म्हणून आम्ही तो जुन्या मॉनिटरवर सतत उघडा ठेवतो. सगळ्यात मोठी अडचण चॅटवरच्या निरोपांची. ग्राहक तिथे बदल सांगतो आणि तो बदल तिथेच राहतो. निरोप वाचणाऱ्यानेच लगेच कार्डावर लिहायचं, याला पर्याय सापडलेला नाही आणि ही शिस्त माणसांनाच पाळावी लागते, ॲप ती पाळत नाही. रंगीत लेबलं आम्ही सोडून दिली, नोटिफिकेशनं जवळजवळ सगळी बंद केली. दोन्हींची उणीव भासली नाही.

कुठलं ॲप, हा प्रश्न येणारच. रकान्यांचा बोर्ड हवा तर २०११ पासून असलेलं ट्रेलो सगळ्यांच्या ओळखीचं आहे. एकट्याने काम करणाऱ्याला मायक्रोसॉफ्ट टू डूमधली ‘माय डे’ ही कल्पना जास्त सोयीची पडेल : ती यादी रोज रात्री रिकामी होते आणि सकाळी आजची कामं नव्याने निवडावी लागतात, राहिलेली कामं सुचवली जातात पण आपोआप गळ्यात पडत नाहीत. सगळे एकाच खोलीत बसत असतील, तर पहिला महिना भिंत आणि चिकटचिठ्ठ्या वापरा असं मी सांगेन. चिठ्ठी उचलून पुढच्या रकान्यात लावताना सगळ्यांना दिसतं, आणि भिंतीवर जागाच मर्यादित असल्याने तीन कार्डांचा नियम समजावून सांगावा लागत नाही. ॲपमध्ये नंतर कधीही जाता येतं. जाल तेव्हा डेटा बाहेर काढायची सोय आहे ना ते बघा आणि महिन्यातून एकदा ती फाइल आपल्याकडे उतरवून घ्या. आमच्याकडे त्याचंही एक परत येणारं कार्ड आहे.