आर्डुइनो उनो किट, आठ महिन्यांनी: गच्चीवरची टाकी आणि ५० वा दिवस

डिसेंबरात पोराच्या सुट्टीत मन रमावं म्हणून हे किट मागवलं. आर्डुइनो उनो म्हणजे आपण प्रोग्राम लिहून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, किटमध्ये सोबत सेन्सर, डिस्प्ले, वायरी. पोरगं चार दिवस रमलं, मीच अडकले. मी कॉमर्सची, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, सोल्डरिंग गन आयुष्यात धरली नव्हती. हे वाचणारे बरेच जण तसेच असतील म्हणून आधीच सांगते.

किट दीड हजाराच्या आसपासचं. बोर्ड मूळ इटालियन कंपनीचा नाही, नक्कल आहे. पण आर्डुइनोचं डिझाइन सगळ्यांसाठी खुलं असल्यानं नक्कल करण्यात चोरी नाही, फक्त आर्डुइनोचं नाव छापायचं नसतं. चिप तीच, एटीमेगा३२८पी: १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्रामला ३२ केबी, चालू कामाला २ केबी रॅम. मोबाइलच्या जमान्यात हे आकडे वाचून हसू येतं, पण टाकी भरायला रग्गड झालं. यूएसबीसाठी सीएच३४० चिप होती, तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागला. सोबतची केबल मात्र नुसती चार्जिंगची निघाली. लॅपटॉपला बोर्ड दिसेना म्हणून दोन दिवस मी बोर्डाला शिव्या घातल्या. डिस्प्लेवर नुसते चौकोन दिसले तर पाठीमागचा छोटा निळा स्क्रू फिरवा, एवढंच.

आमच्याकडं पालिकेचं पाणी पहाटे हौदात येतं, मग मोटर लावून गच्चीवरच्या टाकीत चढवायचं. मोटर बंद करायला विसरलं की गच्चीवरून धबधबा. पहिलं काम तेच घेतलं. किटमधला अल्ट्रासॉनिक सेन्सर आवाज सोडतो आणि तो पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला ते मोजतो. जाऊन-येऊन ५८ मायक्रोसेकंदाला १ सेंटिमीटर. टेबलावर झकास चालला. टाकीच्या झाकणाला लावला आणि तीन आठवड्यांत आतल्या वाफेनं मेला. मग पाण्याला न घाबरणारा, वायरवाला सेन्सर घेतला. त्याची गोम अशी की २०-२५ सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसतच नाही. टाकी काठोकाठ भरायचा हट्ट सोडला, पाणी सेन्सरपासून ३० सेंटिमीटरवर आलं की मोटर बंद. पोरानं डिस्प्लेवर दोन नावं टाकली: ‘इशारा पातळी’ आणि ‘धोका पातळी’. पंचगंगेच्या पुराच्या बातम्यांत राजाराम बंधाऱ्याची ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ ची धोका पातळी ऐकत वाढलेलं पोरगं, दुसरं काय टाकणार!

किटमधल्या रिलेवर (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच) १० अँपिअर लिहिलंय म्हणून मी थेट मोटर जोडायला निघाले होते. आमच्या ह्यांचं वर्कशॉप उद्यमनगरात. त्यांनी हात धरला. मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, रिलेचे पॉइंट चिकटले तर बंदच होणार नाही. म्हणून रिलेनं फक्त काँटॅक्टर (मोटरचा भार पेलणारा मोठा स्विच) ओढायचा आणि काँटॅक्टरनं मोटर. ती जोडणी वायरमननं केली. २३० व्होल्टच्या बाजूला नवख्यांनी हात घालू नये.

आता खरी गंमत. हौद रिकामा असताना मोटर कोरडी फिरू नये म्हणून एकदा टाकी भरली की १० तास मोटर लागणार नाही, असं प्रोग्राममध्ये लिहिलं होतं. पण लाइट गेली-आली की बोर्ड सगळं विसरायचा आणि मोटर पुन्हा लावायचा. एप्रिलात बोर्डाला राउटरचा छोटा यूपीएस जोडला. निवांत झालं म्हणेपर्यंत जूनमध्ये एका सकाळी मोटर लागलीच नाही. टाकी रिकामी, हौद भरलेला. रिसेट दाबलं, चालू! वायरमन म्हणाला सेन्सर, हे म्हणाले वायर सैल असंल.

चूक निघाली माझ्या प्रोग्राममध्ये. बोर्ड सुरू झाल्यापासूनचा वेळ मिलिसेकंदात मोजतो आणि तो आकडा ३२ बिटांत ठेवतो. ४२९ कोटींच्या पुढं तो आकडा जात नाही, परत शून्यावर येतो. दिवसांत मोजलं तर ४९ दिवस १७ तास. मी लिहिलं होतं, ‘भरल्याची वेळ अधिक १० तास, त्याच्या आधी लावू नको’. घड्याळ रात्री शून्यावर आलं, माझी नोंद कालचीच, डोंगराएवढी. बोर्डाच्या हिशेबानं ती वेळ यायला अजून ४९ दिवस होते! उलटं लिहायचं: आत्ताच्या वेळेतून भरल्याची वेळ वजा करा आणि उत्तर १० तासांहून मोठं आहे का बघा. बिनचिन्ही (उणे न होणाऱ्या) आकड्यांत ही वजाबाकी घड्याळ फिरलं तरी बरोबर येते. आधीचे चार महिने लाइट जात होती म्हणून माझी चूक झाकली गेली होती, हे मला आजही पचत नाही. (हौदात पाण्यावर तरंगणारा फ्लोट स्विच का नाही, असं विचारणार असाल तर आता आहे.)

घ्यावं का? बोर्ड, ब्रेडबोर्ड (सोल्डरिंगशिवाय वायरी खोचायची पाटी), डिस्प्लेसाठी घ्या. किटमधल्या डीएचटी११ या हवेतला ओलावा मोजणाऱ्या सेन्सरवर विसंबू नका, आमच्या पावसाळ्यात तो ९५ टक्क्यांवर जाऊन बसला. मातीत खोचायचा दोन काट्यांचा ओलावा-सेन्सर तुळशीच्या कुंडीत महिन्यात गंजला. मोबाइलवर आकडे बघायचे असतील तर ईएसपी३२ हा वायफायवाला बोर्ड बरा, पण तो ३.३ व्होल्टचा, ५ व्होल्टचे सेन्सर सरळ जोडू नका.

दुरुस्तीनंतरचा ५० वा दिवस जुलैअखेर आला. आम्ही दोघं पहाटे साडेपाचला छत्री घेऊन हौदापाशी उभे. काँटॅक्टर खट्ट वाजला, मोटर लागली. सासूबाई दारातून म्हणाल्या, “एवढं उठायचंच हुतं तर बटण हातानं दाबायचं की!”